उतारावरची गाडी

"आप्पा, ट्रॅक्टरची किल्ली द्या."

आप्पा, माझे सासरे, पडवीत बसून बशीतून चहा पीत होते. ओठांपर्यंत नेलेली बशी तशीच खाली आली.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? औषध मारायला. बाग फुलोऱ्यात हाये, आन् रात्रभर पाऊस पडलाय. ऊन तापायच्या आत औषध बसलं नही तर डावणी घडात शिरंल. हे मी तुम्हाला सांगायचं का?"

सांगायची गरज नव्हतीच. द्राक्षाच्या बागेत त्यांचे केस पांढरे झाले होते. दिवाळीनंतरचा तो अवकाळी पाऊस पत्र्यावर वाजायला लागला तसे ते अंथरुणात उठून बसले होते आणि पहाटेपर्यंत आडवे झाले नव्हते, हे मी पाहिलं होतं. फुलोऱ्यातला घड फार नाजूक. त्या दिवसांत डावणीची बुरशी लागली की घड जागच्या जागी करपतो आणि मग वर्षभर नुसती पानं मोजत बसायची. आमचं घर, माझ्या लेकीची, मनीची शाळा, सगळं त्या एका बागेवर उभं होतं. दुसरं काही नव्हतंच.

"साहेबराव येतो म्हणला व्हता ना?"

"फोन उचलत नही त्यो."

तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकल वाजली. आवाज ओळखीचा होता. मी अनवाणीच चिखलातून पळत गेले आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. साहेबराव हा माझा चुलत दीर. वर्षभर तोच त्याच्या ट्रॅक्टरनं आमच्या बागेत औषध मारून देत होता. अर्थात आधी त्याची बाग, मग आमची. त्यात त्याला तरी काय बोल लावायचा?

"भाऊजी, कधी येताय?"

"वहिनी, माझंच निम्मं ऱ्हायलंय. बाराच्या पुढं येतो."

"बाराला येऊन काय उपयोग? पानावरचं पाणी वाळलं का औषध मारायचं, का ऊन तापल्यावर?"

"मंग मी तरी काय करू? ट्रॅक्टर एकच हाये माझा." त्यानं आमच्या शेडकडं मान वळवली. "तुमच्या दारात एक हाये, पण त्यो नुसता झाकून ठेवलाय. मागंच म्हणलं व्हतं, गिऱ्हाईक आणतो, काढून टाका. माणूस खाल्लेलं लोखंड दारात ठेवू नये."

"लोखंड माणसं खात नही," मी म्हणाले. "जा तुम्ही. तुमची बाग खोळंबली असंल."

तो गेला. माझी जीभ तिखट आहे हे माहेरीही सगळ्यांना ठाऊक होतं. रंगनाथ, माझा नवरा, पाहुण्यांसमोर सांगायचा की, हिच्या बापाला ही मिरचीच्या वावरात सापडली. पण साहेबरावचं ते वाक्य मला लागलं, कारण सगळं गाव तेच म्हणत होतं.

तो ट्रॅक्टर छोटा, द्राक्षाच्या दोन ओळींमधून जेमतेम जाईल एवढाच. मागे औषधाची टाकी आणि पंख्याचा ब्लोअर. आदल्या हंगामात त्याचं किल्लीचं स्विच बिघडलं. हंगाम उरकला की बघू, असं म्हणून रंगनाथ तो पाना लावून चालू करायला लागला. आमच्याकडं हे सर्रास चालतं. खाली जमिनीवर उभं राहायचं, स्टार्टरच्या दोन बोल्टांना पाना टेकवायचा, ठिणगी उडते आणि इंजिन चालू होतं. सीटवर चढायचेही कष्ट नाहीत. फक्त गाडी गियरमध्ये नसली पाहिजे. त्या सकाळी ती गियरमध्ये होती. इंजिन चालू झालं आणि गाडी जागची हलली. रंगनाथ मागच्या चाकाच्या पुढ्यात उभा होता. शेडच्या खांबाला अडून ती बंद पडली, तेव्हा मी पोचले. तोवर करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

गाव चार दिवस हळहळलं आणि मग गावानं निकाल देऊन टाकला. रंगनाथ गियर काढायला विसरला. वेंधळाच होता बिचारा. दहाव्याला माझ्या पाठीमागे बसून कुणीतरी हे बोललं. आप्पा समोरच होते. ते खाली मान घालून बसून राहिले.

आणि मला राग होता तो रंगनाथचा. गेलेल्या माणसाचा राग येतो, हे कुणाला सांगायची सोय नसते. सीटवर चढायला एक पाय उचलावा लागतो. बायको आहे, पोरगी आहे, म्हातारा बाप आहे, तर तेवढा एक पाय उचलायला त्याला काय झालं होतं? वर्षभर मी हेच मनात घोळवत होते.

मी परत आले तेव्हा आप्पा तसेच बसून होते. चहावर साय धरली होती.

"येत नही त्यो बाराच्या आत," मी म्हणाले. "किल्ली द्या."

किल्ली त्यांच्या करगोट्याला बांधलेली असायची. रंगनाथ गेल्यापासून त्यांनी तो ट्रॅक्टर विकलाही नव्हता आणि कुणाला चालवूही दिला नव्हता. शेडमध्ये ढकलून वर ताडपत्री टाकली होती. अधूनमधून ताडपत्री काढून फडक्यानं पुसत बसायचे. मध्ये एकदा मेकॅनिकही आणला होता. काय केलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

"तुला कुठं चालवता येतो?"

"मोकळ्या वावरात रंगनाथनं शिकवला व्हता. तुम्ही बांधावर उभं राहून हसत व्हता."

"चालवणं येगळं."

"मंग?"

"चालू करणं आन् बंद करणं. माणूस तिथंच मरतो."

हे बोलून ते उठले आणि घरात गेले. मला वाटलं, संपलं. आता देवासमोर बसतील नाहीतर झोपतील. पण आतून पेटी उघडल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा हातात रंगनाथची खाकी पँट आणि बागेत घालायचा शर्ट होता. शर्ट धुऊन घडी घालून मीच ठेवला होता.

"हे घाल."

माझ्या डोक्यावरचा पदर जरा सरकला तरी जे आप्पा मान वळवून घेत, ते मला पँट घालायला सांगत होते.

"ट्रॅक्टरच्या मागं ब्लोअर फिरवणारा शाफ्ट असतो," ते म्हणाले, "पदराचं टोक त्याच्यात गेलं तर माणसाला सुटायला येळ मिळत नही. लोक हसले तर हसू दे. केस बी आवळून बांध."

पँट कमरेला सैल होत होती. मी सुतळीनं बांधली, पायाकडं दुमडली. पडवीत आले तेव्हा आप्पांनी एकदा बघितलं आणि ते शेडकडं चालू लागले.

आमचं घर खाली आणि शेड वर. मधली जागा सगळी उताराची. औषध कालवायचा ड्रम आणि पाण्याचा पाइप शेडपुढं, म्हणून हंगामात ट्रॅक्टर तिथंच उतारावर उभा असायचा, तोंड वर शेडकडं, मागच्या चाकाला खालून धोंडा लावलेला. तिथंच सगळं झालं होतं. त्या जागेवरून जाताना मी दर वेळी जरा कडेनं जायचे.

आप्पांनी ताडपत्री ओढली. आत बॅटरी लावलेली होती, तिची टोकं ग्रीस लावून स्वच्छ ठेवलेली होती. आणि स्टेअरिंगखाली कोरं करकरीत किल्लीचं स्विच होतं.

"हे कधी बसवलं?"

"मेकॅनिक आला व्हता तव्हा."

"मंग चालवला का नही?"

त्यांनी करगोटा सोडवून किल्ली काढली, पण माझ्या हातात दिली नाही, मुठीत धरून ठेवली.

"वर चढ. डाव्या बाजूनं. शाफ्ट बंद असला तरी त्याच्यावरून कधी पाय टाकायचा नही."

मी चढून बसले.

"आता काय करशील?"

"किल्ली द्या, चालू करते."

"खाली उतर."

"आप्पा!"

"उतर म्हणतो ना."

मी उतरले. पुन्हा चढले. ह्या खेपेला त्यांनी एकेक गोष्ट विचारायला सुरुवात केली. हँडब्रेक ओढला का? गियर न्यूट्रलला हाये का? हाये म्हणून नको सांगू, दांडा हलवून दाखव. ब्लोअरचा दांडा बंदवर हाये का? तो बी हलव. क्लच दाबला का? पुरा दाब, पाय टेकंपर्यंत. मागं पाह्य, मागं कोण हाये का. चाकापुढं पाह्य. नुसतं पाहू नको, तोंडानं आवाज दे.

"इथं कोण हाये आप्पा? तुम्ही आन् मी."

"मीच असंल चाकापुढं. आवाज दे."

मी ओरडले, "गाडी चालू करते!"

तेव्हा कुठं किल्ली माझ्या हातात आली. त्यांच्या मुठीत ती गरम झाली होती. अर्धी फिरवून दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग पुढं फिरवायची. इंजिन पहिल्यांदा नुसतं कण्हलं. मी किल्ली दाबूनच धरली.

"सोड! सोड ती. सेल्फ जाळशील. जरा दम घेऊ दे तिला. आन् दम घेतल्यावर पुन्हा पहिल्यापासून."

"पुन्हा गियर बघायचा? आत्ताच बघितला."

"पुन्हा बघायचा."

दुसऱ्यांदा इंजिन धरलं. धुराचा लोट निघाला, पत्रा थरथरला आणि शेडमध्ये तो आवाज भरला. वर्षभरानंतर पहिल्यांदा. आप्पांकडं बघितलं तर त्यांनी शेडचा खांब धरला होता. तोच खांब, खालून वाकलेला.

"आता बंद कर," ते ओरडले.

"बंद? आत्ता तर चालू झाला!"

"बंद करून दाखव."

इथं माझा संयम सुटला. पूर्वेकडं ढग फाटून ऊन बाहेर पडलं होतं. बागेतल्या पानांवरचं पाणी चमकायला लागलं होतं आणि हा म्हातारा माझी परीक्षा घेत बसला होता.

"आप्पा, ऊन पाहा! एवढ्यात निम्मी बाग झाली असती. असंच करत बसलो तर बाग जाईल हातची!"

"जाऊ दे बाग," आप्पा म्हणाले.

त्या माणसाच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकले नव्हते. गारपीट झाली त्या वर्षी बायको आजारी असताना ते बागेतून हलले नव्हते, असं सासूबाई जिवंत होत्या तेव्हा सुनावायच्या. तो माणूस आज बाग जाऊ दे म्हणत होता, आणि खरोखर म्हणत होता.

मी बंद करायला लागले. रेस कमी केली. इंजिन थोडा वेळ हळू चालू दिलं. ब्लोअरचा दांडा बंदवर आहे हे हलवून पाहिलं. गियर न्यूट्रल, हँडब्रेक. मग इंजिन बंद करायची तार ओढली. इंजिन फडफडून थांबलं.

"आता किल्ली फिरव. काढ. खिशात टाक. किल्ली गाडीला ठेवून खाली पाय टाकायचा नही. शेजारी काडी काढायला उतरली तरी नही."

असं त्यांनी माझ्याकडून पुन्हा करून घेतलं, आणि आणखी एकदा. शेवटी खांब सोडून ते बाजूला झाले आणि म्हणाले, "जा."

मी गाडी बाहेर काढली. उतारावर ब्रेकवर पाय घट्ट ठेवून बसले आणि आप्पांनी कालवलेलं औषध टाकीत भरलं. मग बाग.

पहिल्या ओळीत स्टेअरिंग सरळ राहीना. मंडपाखालून वाकून, दोन्हीकडच्या वेली वाचवत जायचं. मागे ब्लोअर गरजत होता, औषधाचं धुकं फुलोऱ्यावर बसत होतं. आप्पा ओळीच्या टोकाशी उभे असायचे. मी एका ओळीतून बाहेर पडले की दुसऱ्या ओळीच्या टोकाशी जाऊन उभे. तिसऱ्या-चौथ्या ओळीनंतर गाडी सरळ चालायला लागली. खरं सांगायचं तर मला बरं वाटायला लागलं. रंगनाथच्या शर्टाला औषधाचा तोच जुना वास येऊ लागला होता आणि मी त्याच्याच जागेवर बसले होते.

बागेच्या मध्यावर एका बाजूचं धुकं पडेनासं झालं. मागे वळून पाहिलं तर नोझल तुंबलेलं. काय त्यात? उतरायचं, तोंडानं फुंकून साफ करायचं, चढायचं. इंजिन चालू ठेवून हे काम रंगनाथ दिवसातून कैकदा करायचा. माझा एक पाय खाली आलासुद्धा. मागचा शाफ्ट इतका वेगानं फिरत होता की फिरतोय असं वाटतच नव्हतं. माझा पाय तिथंच थांबला. मी वर बसले. रेस कमी केली, ब्लोअर बंद केला, गियर काढला, हँडब्रेक ओढला, तार ओढली, किल्ली काढून खिशात टाकली. मग उतरले.

ओळीच्या टोकाकडं बघितलं तर आप्पा खाली बसले होते, दोन्ही हातांत डोकं धरून. अचानक आवाज बंद झाल्यावर त्यांना काय वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं.

"नोझल!" मी जोरात ओरडले. "नोझल तुंबलंय फक्त! किल्ली खिशात हाये!"

ते उठले. धोतर झटकलं. लांबूनच हात वर केला.

ऊन चांगलं तापायच्या आत बाग उरकली. टाकी धुऊन गाडी शेडपुढं आणली तेव्हा माझी पाठ मोडून आली होती, पण मन हलकं होतं.

"शेडमध्ये घेऊ का?"

"नको," आप्पा म्हणाले. "आभाळ आलंच पुन्हा तर लागंल. जिथं लागायची तिथंच लाव."

म्हणजे त्या जागेवर. मी गाडी उतारावर घेतली, तोंड शेडकडं. रेस कमी केली, थोडं चालू दिलं, दांडे हलवून पाहिले, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. उतारावर गाडी लावली की इंजिन बंद झाल्यावर ती पुन्हा गियरमध्ये टाकायची असते, म्हणजे ती मागं घरंगळत नाही. हे मला त्या घरात आल्यापासून माहीत होतं, कारण आप्पा रंगनाथला हजारदा ओरडायचे त्यावरून. मी क्लच दाबून दांड्याला हात घातला.

"नको!" आप्पा एकदम पुढं आले. "गियरमध्ये नको टाकू. न्यूट्रलच ऱ्हाऊ दे. धोंडा लावतो मी."

"हँडब्रेक ढिला हाये आप्पा. नुसत्या धोंड्यावर ठेवायची? खाली घर हाये."

"दोन धोंडे लावतो. चार लावतो. पण गियर नको."

"तुम्हीच तर सांगायचे, उतारावर..."

"मी सांगायचो!" त्यांचा आवाज फाटला. "मीच सांगायचो! आन् आदल्या सांजेला मीच लावली व्हती गाडी!"

मी दांड्यावरचा हात काढला नाही. आप्पा मागच्या चाकाला धरून उभे होते. बोलायला लागले तेव्हा माझ्याकडं बघत नव्हते, चाकाशीच बोलत होते.

"रंगा औषधं आणायला पिंपळगावला गेला व्हता. गाडी बागेच्या तोंडाला उभी व्हती. म्हणलं, आपण लावू. इथं आणून लावली. खाली अंगणात मनी अभ्यासाला बसली व्हती. म्हणलं, हँडब्रेक ढिला, गाडी घरंगळली तर सरळ पोरीवर. म्हणून गियरमध्ये टाकली. रंगा उशिरा आला. त्याला सांगायचं ऱ्हाऊन गेलं. सकाळी तो उठून पाना घेऊन गेला. त्यो लावायचा तव्हा नुसत्या धोंड्यावर, न्यूट्रलला ठेवायचा. त्याला काय माहीत, बापानं गियर टाकलाय म्हणून?" त्यांनी चाकावरचा हात काढून घेतला. "त्यो इसरला नव्हता शैला. मी मारला त्याला."

खाली घराच्या पत्र्यावरून पावसाचं पाणी अजून ठिबकत होतं.

"मला माहीत हाये," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली.

"मी नळावर भांडी घासत व्हते. तुम्ही गाडी लावलेली पाहिली. इंजिन बंद झाल्यावर गियर पडल्याचा आवाज बी ऐकला."

"मंग... वर्षभर बोलली का नही?"

"काय बोलायचं व्हतं? उतारावर गाडी गियरमध्ये ठेवतात. तुम्ही बरोबर ठेवली व्हती. खाली माझी पोरगी बसली व्हती आप्पा. चालू करणाऱ्यानं वर बसून, गियर बघून चालू करायची असती. त्यानं नही केली. त्याला घाई व्हती." जे आत होतं ते मला बाहेर काढायचंच होतं. "मला तुमचा राग आला व्हता. गियरचा नही. दहाव्याला लोक त्याला वेंधळा म्हणले आन् तुम्ही खाली मान घालून बसलात, त्याचा. त्याच्या नावानं एक शब्द नही बोलला तुम्ही."

आप्पांचे डोळे वाहायला लागले होते आणि ते पुसत नव्हते. मीही रडत होते. रंगनाथ गेला तेव्हा आम्ही दोघं वेगवेगळ्या खोल्यांत रडलो होतो.

मी क्लच पुन्हा पूर्ण दाबला आणि दांडा पहिल्या गियरमध्ये टाकला. खट असा आवाज झाला. तोच आवाज. आप्पांनी डोळे मिटले. मी किल्ली काढून शर्टाच्या खिशात टाकली, डाव्या बाजूनं खाली उतरले आणि धोंडा उचलून चाकाखाली सारला.

बरोबर बाराच्या पुढं साहेबराव आला. दिलेला शब्द त्यानं पाळला होता, हे मान्य केलं पाहिजे. रस्त्याकडच्या उताराला त्यानं आपला ट्रॅक्टर लावला, बंद केला, चाकाला धोंडा लावला आणि वर आला. बागेवर नजर टाकली, मग माझ्या पँटवर, मग उभ्या गाडीवर.

"उरकलं म्हणायचं की," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुकही होतं, नाही असं नाही. "चांगलं केलं वहिनी. फक्त एक ध्यानात ठेवा, लावताना गियर काढत जा. रंगनाथवानी इसरू नका."

मी तोंड उघडणार होते. पण आप्पा पडवीतून उठून आले होते.

"रंगा इसरला नव्हता," ते म्हणाले.

"आं?"

"ती गाडी मी लावली व्हती. गियरमध्ये मी टाकली व्हती, खाली पोरगी व्हती म्हणून. रंगाला ठाऊक नव्हतं. माझा पोरगा वेंधळा नव्हता, साहेबराव. हे पारावर सांग, डेअरीवर सांग, ज्यानं ज्यानं म्हणलं त्याला जाऊन सांग. नही तर मी येतो सांगायला."

साहेबरावनं हातातली टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"काका, मला कुठं माहीत..."

"कुणालाच नव्हतं. मी सांगितलं नही." आप्पांनी आमच्या ट्रॅक्टरकडं बोट केलं. "आन् ही आजबी गियरमध्येच हाये. उतारावर तशीच ठेवायची असती. चालू करणाऱ्यानं वर बसून करावी."

साहेबराव खाली त्याच्या ट्रॅक्टरकडं गेला. त्याचंही स्विच बिघडलेलंच होतं. आमच्या अख्ख्या शिवारात किल्लीनं चालू होणारे ट्रॅक्टर तेव्हा शोधावे लागत. त्यानं सवयीनं पाना काढला आणि चाकापुढं वाकला. मग वाकलेलाच राहिला. वर आमच्याकडं त्यानं पाहिलं नाही. जरा वेळानं पाना खिशात घातला आणि सीटवर चढून गियर हलवून पाहिला.

आप्पा उतार उतरून गेले. मी वरून बघत होते.

"उतरू नको," ते त्याला म्हणाले. "उतार हाये. वर बसूनच चालू कर. मी धोंडा काढतो."

त्यांनी दोन्ही हातांनी धोंडा ओढून काढला आणि लांब बाजूला जाऊन उभे राहिले. साहेबरावचा ट्रॅक्टर रस्त्याकडं घरंगळत गेला, त्यानं क्लच सोडला तसा धक्का खाऊन चालू झाला आणि वळणावर दिसेनासा झाला. आप्पा सावकाश चढ चढून परत आले. आमच्या गाडीपाशी थांबले. मागच्या चाकावर हात ठेवला.

"गियरमध्ये हाये ना?"

"हाये."

"धोंडा?"

"लावलाय."

"किल्ली?"

मी खिसा दाखवला. त्यांचा हात सवयीनं करगोट्याकडं गेला होता. तो त्यांनी तसाच खाली घेतला.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," ते म्हणाले. "चल, भाकरी वाढ. सकाळपासून चहाबी झाला नही माझा."